टिटवी लांब जाऊन ओरडते

आमची पोस्ट सीमेवरच्या एका नाल्याच्या काठावर होती. सकाळी धुकं वर चढायचं आणि स्टँड-टूला, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभे जवान कमरेपर्यंत त्यात बुडायचे. आपण जागे आहोत की झोपेत, कळायचं नाही. त्या धुक्यात टिटवी ओरडली की नाईक बाळू हसायचा. तो चाकणजवळच्या निघोज्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. टिटवी अंड्यांजवळ ओरडत नाही, लांब जाऊन ओरडते, आवाजामागं जाणारा फसतो, असं तो सांगे. त्याच्या घरी नांगरताना तिची अंडी दिसली की तेवढा तुकडा सोडून नांगर वळवायची रीत होती.

एका सकाळी गस्तीवर असताना समोरच्या टेकाडावरून फायर आलं. एका जवानाच्या मांडीत गोळी घुसली. आम्ही खडकांमागं अडकलो आणि त्याचं रक्त थांबेना. वायरलेसवर उत्तर आलं, "मदत निघाली आहे. होल्ड. ओव्हर."

बाळू रांगत थोडा पुढं गेला आणि परत आला. माझ्या बाटलीतलं पाणी प्याला.

"हवालदारसाहेब, मी लांब जाऊन वरडतो," म्हणाला, आणि गेला.

डाव्या अंगानं त्याची आरोळी आली, तसं सगळं फायर तिकडं वळलं. आम्ही जखमी जवानाला नाल्यात उतरवलं. तो जगला. बाळू तिथंच पडला.

आता मी चाकणला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. दुपारी डुलकी लागली की ते धुकं अजून येतं. शिफ्ट सुटल्यावर अधूनमधून निघोज्याला बाळूच्या आईकडं जातो. परवा तिथं टिटवीचा आणि बाळूच्या त्या शेवटच्या बोलण्याचा विषय निघाला. बाळूची पुतणी कॉलेजात जीवशास्त्र शिकते. ती म्हणाली, काका, हे अनुकूलन असतं. असं वागणाऱ्या पाखरांची पिल्लं वाचत गेली, म्हणून ते रक्तात उतरलं. पाखरू काही विचार करत नाही. पोरगी बरोबरच बोलत होती.

आईंचा चेहरा मात्र उतरला. "मंग माझ्या बाळूनं बी इचार न्हाई केला? रक्तात व्हतं म्हून गेला?"

मला फार वाईट वाटलं. तो एकदा मागं फिरला होता, हे मी त्यांना कधी बोललो नव्हतो. शहिदाच्या आईला असलं कुणी सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं. परत येऊन माझ्या बाटलीतलं पाणी प्याला, मग गेला, तेही सांगितलं.

बाहेरून कंपनीच्या बसा जात होत्या.

"भ्याला व्हता," त्या म्हणाल्या. "म्हंजी इचार केला त्यानं."

मग पदर तोंडाला लावला. "मी आसते तर पानी पाजलं आसतं. पर जाऊ दिला नसता."