सिंगापूर हिरवं झालं का?

गणपतीच्या आधी आमच्या घरी साफसफाई होते, आणि यंदा त्यात मी बायकोच्या धंद्याचा ईमेल फेकून दिला.

करी रोडच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला एकच नियम ठाऊक असतो. वर्षभर हात लागला नाही ती वस्तू भंगारात. आता चाळीच्या जागी टॉवर आला, आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो, पण हाताची खाज काही गेली नाही.

बायको, म्हणजे सीमा, शिवलेल्या नऊवारी विकते. हिंदमाताहून कापड आणते, घरी कापून शिवून घेते. तिची वेबसाईट मी बघतो. (मी विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासतो. पण ऑफिसात प्रिंटर अडकला की मलाच बोलावतात, एवढी पात्रता घरच्यांना पुरली.)

त्या शनिवारी सकाळी माळा आवरून झाला, तरी हात शिवशिवत होते. म्हणून वेबसाईटचं डीएनएसचं पान उघडलं. आपली वेबसाईट कुठे आहे, आपला मेल कुठे पोचवायचा, हे जगाला सांगणाऱ्या नोंदी तिथे असतात. सात होत्या. दोन ओळखीच्या वाटल्या. उरलेल्या पाच मी काढून टाकल्या. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

तासाभराने सीमा आतून म्हणाली, "मेल येत नाहीयेत रे. मी स्वतःला पाठवून बघितला, तोही नाही आला."

"नेट स्लो असेल," मी म्हणालो. आणि लगेच ते डीएनएसचं पान पुन्हा उघडलं.

कारण तो दिवस साधा नव्हता. सिंगापूरच्या एका लेझीम गटाच्या देसाईबाई चोवीस जणींची मापं मेलने पाठवणार होत्या. संध्याकाळी पाचपर्यंत 'मापं मिळाली' असं कळवलं नाही, तर काम पुण्याच्या दुकानाला जाणार होतं. सीमाची ही पहिली परदेशी ऑर्डर. त्यासाठी तिने दोन महिने जीव काढला होता. कापड कापणारे मास्तर बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले होते आणि उद्या सकाळच्या गाडीने गावी जाणार होते.

मी घाईघाईने मेलची नोंद परत टाकली. पत्ता कुठला, ते आठवेना. मग वेबसाईटचाच दिला. एका घराला दोन पत्ते कशाला? खाली प्रश्न होता, ही नोंद जगाने किती वेळ लक्षात ठेवायची? मी भरलं, चोवीस तास. मजबुतीसाठी.

आता मेल वेबसाईटच्या दारात जाऊन हाकलले जाऊ लागले! खरा पत्ता शोधून नोंद दुरुस्त करेपर्यंत एक वाजला. पण मधल्या वेळात जगभरच्या ज्या ज्या यंत्रांनी चौकशी केली, त्यांनी माझा चुकीचा पत्ता चोवीस तासांसाठी पाठ करून ठेवला होता; एखादं आधीच विसरलं तर आपलं नशीब.

हे मला कळलं ते एका तपासणीच्या साईटवर. आपलं नाव टाकायचं, की कुठल्या देशाला आपला कुठला पत्ता माहीत आहे ते ती दाखवते. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल फुली. ब्राझील हिरवं होतं. तुर्कस्तान हिरवं होतं. सिंगापूर लाल. मग सीमाला सगळं कबूल करावं लागलं.

"मी सरळ फोन करते बाईंना," सीमा म्हणाली.

"आणि काय सांगणार?"

"नवऱ्याने मेल पुसला म्हणून."

"एक तास दे. नाक कापलं जाईल आपलं." (आमच्याकडून मेल जायचे ते 'ऑर्डर विभाग' आणि 'माप विभाग' अशा सहीने. दोन्ही विभाग स्वयंपाकघरात एकाच स्टुलावर बसतात.)

तासाचे तीन झाले. दर मिनिटाला मी बटण दाबत होतो. आई मालवणीतून चौकशी करत होती. "काय रे, सिंगापूर हिरवा झाला?"

"नाही."

"मगे कोण झाला?"

"फिनलंड."

"त्यांका नववारी कित्याक?"

मास्तरांनी खडू खिशात टाकला. "वहिनी, मी निघू का? सामान भरायचंय." सीमाचे डोळे भरले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावणेपाचला ती उठली, फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. वीस मिनिटांनी वही भरून आली. चोवीस जणींची मापं, कंबरेसकट. "मास्तर, काढा कात्री."

"बाई चिडल्या नाहीत?" मी विचारलं.

"दोनदा मेल परत आला म्हणून काळजीत होत्या. मी खरं ते सांगितलं. म्हणाल्या, समजलं, आमच्या गटाची वेबसाईटही आमचे हेच बघतात."

सहा वाजून दहा मिनिटांनी सिंगापूर हिरवं झालं. मी ओरडून सांगितलं. कात्री थांबली नाही.

रविवारी सकाळी मेलपेटीत पहिला मेल आला. सिंगापूरहून, देसाईसाहेबांचा, खास माझ्या नावाने. "हिच्याकडून तुमचं कळलं. उत्सुकतेपोटी मीही आमच्या नोंदी जरा आवरायला घेतल्या. कालपासून आमची वेबसाईट दिसत नाही. आपला या विषयातला अनुभव दांडगा आहे. पुढे काय करावं?"

मी ताबडतोब उत्तर पाठवलं. "कशालाही हात लावू नका. वहिनींना फोन करू द्या."