तेलातला टार्ट

डोणगावातल्या बेकरीवाल्या चाचांना घड्याळ बघताना मी कधीच पाहिलं नाही. भट्टीच्या तोंडाशी हात धरून ते आच ओळखतात आणि खारीचा ट्रे आत सरकवतात.

दुधातुपाने माझ्या बायकोचा घसा सुजतो, म्हणून त्यांच्याकडचं तिने कधी काही खाल्लं नव्हतं. मोबाइलवर तिला इटलीकडचा भाजीचा टार्ट दिसला आणि तो खावासा वाटला. घरी ओव्हन नाही, म्हणून मळ्यातली काकडीसारखी झुकिनी घेऊन मी चाचांकडे गेलो आणि व्हिडिओ दाखवून बायकोचा त्रास सांगितला.

"लोणी नाई, तूप नाई? मंग तेलात करू. भाभीले सकाळीच घेऊन या, भाऊ."

सकाळी गेलो, तर टेबल आणि ट्रे गरम पाण्याने घासून ठेवलेले. खारीचं पीठ मळलंच नव्हतं.

"काऊन हो चाचा, खारी नाही आज?"

"आधी भाभीचं. कपड्याले बी तूप राह्यते," म्हणत त्यांनी धुतलेला कुर्ता चढवला.

त्यांनी तेलात मळलेल्या पिठाची पोळी पातळ लाटली, तिच्यावर झुकिनीच्या चकत्या मांडल्या आणि टार्ट खरपूस भाजला. बायकोने घास घेतला. चाचा तिच्या गळ्याकडे बघत उभेच राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "चाचा, अजून एक तुकडा द्या."

तेव्हा कुठे चाचा मटकन स्टुलावर बसले.