टेम्पोतलं घर आणि बाबांची दुपारची झोप

डोंगरावर गाडी उभी करायची तर तिचं तोंड उताराकडे ठेवावं, हा माझ्या नवऱ्याचा नियम. पुढच्या चाकांना दगड लावल्याशिवाय कोणी आत पाय ठेवायचा नाही, हा सासूबाईंचा. आणि ताटात पाणी घालून गाडी कुठल्या बाजूला कलली आहे ते बघावं, हा माझा. तो मी एका मासिकात वाचला होता. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता त्या माझ्या सासऱ्यांचा नियम एकच होता. इथे नको, पुढे चला.

मी मधूनच सुरुवात केली. जुनी खोड आहे, वर्गातही करते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी सुरतेत एका मराठी शाळेत शिकवत होते. नवऱ्याचा बंद बॉडीचा टेम्पो होता. लूमवर विणलेले कापडाचे ताके तो मार्केटला पोहोचवायचा. सासरे, म्हणजे बाबा, बमरोलीला लूमच्या खात्यात होते. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. बावीस वर्षं रातपाळी केली त्यांनी. सकाळी घरी यायचे, आंघोळ, भाकरी, आणि मग दुपारभर झोप. तेव्हाची आमची खोली नवागामला. तिच्या मागच्या भिंतीला चिकटूनच दुसरं एक खातं होतं, आणि तिथली मशिनं दिवसरात्र अशी चालायची की आमच्या तांब्यातलं पाणीसुद्धा कधी स्वस्थ बसलं नाही. मी नाशिकची, बँकेत नोकरी करणाऱ्या वडिलांची मुलगी. लग्नानंतर पहिला महिनाभर मी त्या खोलीत कानात कापूस घालून स्वयंपाक केला.

पुढे बाबांच्या छातीत कापसाची भुकटी बसली. डॉक्टरांनी खात्यातलं काम बंद करायला सांगितलं, आणि आम्ही तापीच्या पलीकडे, अडाजणला, एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. तिसरा मजला, आजूबाजूला मोकळे प्लॉट, दुपारी कबुतराच्या पंखांचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. मी स्वर्गात पोहोचले होते. बाबा पोहोचले नव्हते. चार महिने त्यांना धड झोप लागली नाही. अंथरुणावर पडायचे, उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे, नळ नीट बंद आहे ना बघायचे, पुन्हा पडायचे. डोळे लाल. शेवटी एक दिवस जेवता जेवता म्हणाले की नवागामची खोली अजून सोडलेली नाही, तर आपण तिकडे जाऊन राहतो, एकटे.

सासूबाईंनी ताटातली पोळी तशीच ठेवली. ते गेले की त्याही जाणार, हे सांगायची गरज नव्हती. लोक म्हणाले असते की सुनेनं म्हाताऱ्याला चार महिन्यांत घराबाहेर काढलं. पण लोकांचं सोडा. मला ते घरात हवे होते. मी शाळेतून आले की आमच्या मोठ्या बाईंची नक्कल करायचे, पदर खोचून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, आणि त्या नकलेला पोट धरून हसणारा माणूस त्या घरात एकच होता. नवरा म्हणायचा, “आधी चहा टाक.” असा प्रेक्षक मी नवागामला जाऊ देणार होते होय?

शाळेच्या वाचनालयात एक जुनं मासिक होतं. त्यात परदेशातल्या लोकांचे फोटो होते. मोटारीतच घर करून डोंगरावर जातात, लाइटचं कनेक्शन नाही, नळ नाही, शेजारी नाही. नुसती हवा आणि शांतता. एक गोरे आजोबा मोटारीच्या दारात तोंड उघडं टाकून झोपलेले. त्या आजोबांनी माझं डोकं फिरवलं. दिवाळीत मार्केट भाऊबीजेनंतरच्या लाभपाचमीपर्यंत बंद, टेम्पो रिकामा, शाळेला सुट्टी. मी जेवणाच्या वेळी हातवारे करून सगळा बेत उभा केला: सापुताऱ्याच्या बाजूला डोंगरावर जायचं, टेम्पोतच राहायचं, बाबांना तिथल्या हवेत झोप लागलीच पाहिजे. नवऱ्यानं विचारलं की दरवर्षीप्रमाणे खानदेशात गावी का नाही. मी म्हटलं, गावी चाळीस माणसं भेटायला येतात, झोपणार कधी?

बाबा बराच वेळ बोटानं ताटातली आमटी फिरवत बसले. मग आपल्या अहिराणीत म्हणाले, “तीन दिवस. तठे झोप लागनी ते तुन्हा घरमा ऱ्हासू. नही लागनी ते मी नवागामले चालना जासू.”

मी लगेच हो म्हटलं. सौदा करताना माणसानं दोन श्वास घ्यावेत, हे मला अजूनही जमत नाही.

टेम्पोत एका बाजूला फळ्या टाकून बाबांचा पलंग केला, दुसऱ्या बाजूला सतरंज्या. बाजूच्या छोट्या खिडकीला ग्रे कापडाचा, म्हणजे लूमवरून उतरलेल्या बिनरंगाच्या कोऱ्या कापडाचा पडदा. पाण्याचे चार मोठे कॅन दाराजवळ न ठेवता अगदी पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवले. पाणी जड असतं, मागे ठेवलं तर घाटात गाडी डोकं वर काढते. फराळाचे डबे सासूबाईंनी स्वतः बसवले. चार माणसांना तीन दिवसांसाठी त्यांनी घेतला तेवढा चिवडा एखाद्या लग्नात पुरून उरला असता.

वघईच्या जंगल नाक्यावर पहारेकऱ्यानं गाडी थांबवली आणि आत काय आहे विचारलं. नवरा म्हणाला, माणसं. पहारेकऱ्याला ते पटेना. रिकामे जाणारे टेम्पो येताना सागवान भरून येतात, हा त्याचा अनुभव. त्यानं मागचा फाळका उघडायला लावला. आत सासूबाई पलंगावर मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी त्याला मूठभर चिवडा दिला. तो खात खात त्यानं विचारलं की तुम्हाला घर नाही का? बाबा म्हणाले, घर आहे, झोप नाही. त्यानं मान डोलावून आम्हाला सोडलं.

पहिला मुक्काम नदीकाठी. वाळूत टेम्पोची मागची चाकं रुतली आणि ती काढायला दुपार गेली. तेव्हा सांगून ठेवते, नदीकाठ फोटोत बघावा. गाडी मुरुमावर उभी करावी. बाबांना तिथे करमलं नाही. दुसरा मुक्काम एका मोठ्या झाडाखाली. सावली छान, पण फांदीवर पंचवीसेक वानरं, आणि सासूबाईंचे डबे. अर्ध्या तासात शेवेचा एक डबा झाडावर गेला आणि झाकण तेवढं खाली आलं. बाबा म्हणाले, इथे नको. मग त्याच संध्याकाळी एक उघडं पठार सापडलं, तिन्ही बाजूंनी डोंगर, जवळ पाड्यावरची विहीर. तिथल्या बाईनं पाणी न्यायला आनंदानं परवानगी दिली. आम्ही तिथे राहिलो. बाबांनी उतरून टेम्पोभोवती एक फेरी मारली. मग दुसरी.

पहिल्या रात्री थंडीला घाबरून आम्ही दार-खिडकी घट्ट लावली. सकाळी छपराच्या पत्र्यावरून आमचाच श्वास थेंब थेंब होऊन आमच्या अंगावर गळत होता. तेव्हापासून खिडकी चार बोटं उघडी. स्टोव्ह कायम बाहेर, तीन दगडांच्या आडोशाला. आत पेटवलेला स्टोव्ह ऊब देतो आणि माणूस नेतो, असं नवरा म्हणायचा. आणि त्यानंच बॅटरीवर बल्ब लावून दोन संध्याकाळी पत्ते खेळले, तेव्हा तिसऱ्या सकाळी गाडीनं हूं का चूं केलं नाही. तोंड उताराकडे होतं म्हणून दगड काढून गाडी सोडली आणि ती खोकत का होईना चालू झाली, मग वळसा घालून परत त्याच जागी उभी केली. नवऱ्याचा नियम खरा ठरला, याचं त्याला अजून कौतुक आहे.

पण माझं लक्ष यातल्या कशातच नव्हतं. मी शांतता राखत होते. दुपारी बाबा पलंगावर आडवे झाले की माझा पहारा सुरू. स्टोव्हला पंप मारायचा नाही. भांडी घासायची नाहीत. कावळा बसला की मी पदर हलवत त्याच्या अंगावर जायचे. सासूबाईंच्या काचेच्या बांगड्या किणकिणतात म्हणून मी त्यांच्या दोन्ही हातांना रुमाल बांधले. बांगड्या उतरवायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी इथे लिहीत नाही. नवरा घोरतो म्हणून त्याला पाण्याला पिटाळलं. मग त्या पठारावर इतकी शांतता पसरायची की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू यायचं. आणि मग पायांचा आवाज. बाबा उठलेले. टेम्पोला फेरी. पुन्हा फेरी. एकदा चाकाचे नट बघितले, एकदा पाण्याचे कॅन मोजले, एकदा दगड इंचभर सरकवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टेम्पोभोवती गवत दबून चक्क पायवाट पडली.

मलाही बसवेना. मी त्यांच्या उलट्या दिशेनं फेऱ्या मारायला लागले. दर फेरीला आमची गाठ पडायची.

“झोपा ना, बाबा.”

“झोपस ना,” ते म्हणायचे आणि चालायचे.

तिसऱ्या दुपारी वारा सुटला. टेम्पोच्या दारापुढे मी बांबूच्या दोन दांड्यांवर ताडपत्री ताणून सावली केली होती. गाठ मीच मारली होती. नवरा म्हणाला होता की ही सैल आहे, पण मासिकात तशीच दाखवली होती. वाऱ्यानं ती सुटत आली आणि एक दांडी टेम्पोच्या पत्र्यावर आपटायला लागली. खट. खट. खटखट. खटखट. बाबा नुकते आडवे झाले होते. तीन दिवसांतली शेवटची दुपार, आणि माझ्याच गाठीनं घात केला. मी पाड्यावरच्या विहिरीकडून पातळ सावरत धावत आले. नवरा माझ्या आधी पोहोचला आणि त्यानं दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली.

आवाज थांबला. आत पलंगावर बाबा तोंड उघडं टाकून झोपले होते, अगदी त्या मासिकातल्या आजोबांसारखे. ते मी डोळ्यांनी बघितलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी डोळे उघडले, दचकून उठून बसले आणि विचारलं, “लाइट गई का?”

खात्यात लाइट गेली की मशिनं बंद पडतात. आणि मशिनं बंद पडली की नवागामची अख्खी गल्ली जागी होते. हे मला ठाऊक होतं. मी त्या गल्लीत पाच वर्षं काढली होती.

सासूबाई रुमाल बांधलेल्या हातांनी शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “बावीस वरीस मी पाह्यं ना, ह्या कसा झोपतस. माले कोनी इचारं का?”

कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याला बोलायची संधी न देणं हा माझा स्वभाव आहे, तो मी त्या दिवशी पठारावर मान्य केला. नंतर पुन्हा विसरले. तेवढ्यात नवऱ्यानं दांडी पत्र्यावर आपटायला सुरुवात केली. खट, खट, खटखट. बाबा आडवे झाले. आम्ही पाळ्या लावल्या. पहिली नवऱ्याची, दुसरी माझी, आणि तिसरी सासूबाईंची. त्यांनी रुमाल सोडले आणि आमच्या दोघांपेक्षा चांगली लय धरली, मधूनमधून ताका बदलताना मशीन मंद होतं तशी मंदसुद्धा केली. विहिरीवरची बाई येऊन थोडा वेळ बघत उभी राहिली. शहरातून आलेली तीन माणसं रिकाम्या पठारावर उभी राहून आपल्याच गाडीला काठीनं बडवत होती.  जाताना ती मला म्हणाली की तुम्ही दमलात तर सांगा.

बाबा ऊन उतरेपर्यंत झोपले. उठले, तोंड धुतलं, चहा घेतला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पांढरं दिसलं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सौद्याची आठवण करून दिली. झोप लागली. आता घरात राहायचं.

ते कपाची बशी पालथी घालत म्हणाले, “आठे दांडी वाजनी, पोरी. तठे फ्लॅटमा कोन वाजाडी?”

“मी.”

“शाळा कोन करी?”

“दुपारी घरीच असते मी. सकाळची शाळा आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मग उठले आणि टेम्पोभोवती फेरी मारायला निघाले. पण या वेळी एकच मारली आणि चाकापुढचे दगड काढायला बसले.

सुरतेला परत आल्यावर मी पायानं चालवायचं एक जुनं शिवणयंत्र आणलं. मला शिवता येत नव्हतं, आजही येत नाही. बाबांच्या पलंगाच्या डोक्याशी ते ठेवलं आणि रोज दुपारी दोरा न ओवता चालवायचं. पायानं मशीन, हातानं मुलांच्या वह्या तपासायच्या. लाल पेनाच्या खुणा तेव्हा जरा वेड्यावाकड्या यायच्या, पण मुलांनी कधी तक्रार केली नाही. पहिल्या दुपारी बाबांनी एक डोळा उघडून सांगितलं की वेग थोडा कमी आहे. मी वाढवला. नवागामची खोली पुढच्या महिन्यात सोडली.

दहा-पंधरा दिवसांनी खालच्या मजल्यावरची गुजराती बाई दारात आली. हातात ब्लाऊजपीस होतं. म्हणाली की रोज दुपारी तुमचं मशीन ऐकते, फार मेहनती आहात तुम्ही, बेन, माझं एवढं शिवून द्याल? आतून सासऱ्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी तिला मापाचं ब्लाऊज आणलंय का विचारलं, आणि कापड ठेवून घेतलं.