ताईच्या हळदीची डीव्हीडी

मी नाशकात लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. आता डीव्हीडी कुणी मागत नाही. लग्न पेनड्राइव्हवर द्यायचं, नाहीतर थेट मोबाइलवर पाठवायचं. मागते ती एकटी माझी ताई. ती कळवणला दिलेली. तिच्या लग्नाची डीव्हीडी चरे पडून पडून अशी झाली होती की हळदीपाशी आली की अडकायची. "भाऊ, भाऊबिजेच्या आत मला नवी करून दे," तिने फोनवर फर्मान काढलं.

ताईचा टीव्ही जुना, प्लेअर जुना आणि सवय त्याहून जुनी. सणासुदीला ती डीव्हीडी लावणार आणि टीव्हीकडे पाठ करून पोळ्या लाटत बसणार. "बघायची नाही तर लावतेस कशाला?" म्हणून मी तिला कितीदा चिडवलं असेल. ती नुसती हसायची.

खरं सांगायचं तर मला ते लग्न बघवत नाही. शूटिंग माझंच, तेव्हा मी अगदी नवशिका होतो. आमच्या मळ्यातच, झेंडूच्या वाफ्यांशेजारी मांडव घातला होता. वडील आधीच गेलेले, म्हणून आई पुढे आली नाही. हळद इतर बायकांनी लावली, कन्यादान काका-काकूंनी केलं आणि आई सगळा वेळ माझ्यामागे उभी राहिली. आमच्याकडे तसंच चालायचं, कुणाला वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आता आई नाही. जगाच्या आया टिपल्या मी, मुलीला निरोप देताना रडणाऱ्या, जावयाचं तोंड गोड करणाऱ्या. पण माझी आई माझ्याकडे एवढ्याशा तुकड्यातही नाही. तिची फार आठवण येते.

तर डीव्हीडी. एडिटिंगचं सॉफ्टवेअर नुकतंच नव्या आवृत्तीवर नेलं होतं. जुनं काम त्यात उघडलं, बर्न लावलं, तर शेवटाला येऊन एरर. डिस्क बदलल्या, रायटर साफ केला, वेग कमी केला; पालथ्या घड्यावर पाणी. नव्या आवृत्तीचं आणि माझ्या रायटरचं काही केल्या पटेना. शेवटी वैतागून नुसती फाइल बाहेर काढली आणि माळ्यावर टाकलेल्या जुन्या लॅपटॉपवरून डिस्क बनवली. ती चालली! शिवाय नव्या सॉफ्टवेअरने मागचा कलकलाट आपोआप पुसला होता, हललेलं चित्र स्थिर केलं होतं. मी स्वतःवर जाम खूश झालो आणि दिवाळीआधीच कळवणच्या गाडीने डिस्क पाठवून दिली.

संध्याकाळी ताईचा फोन.

"भाऊ, चित्र लय झकास आलं रे. पण आई कुठं गेली?"

"ताई, आई त्यात होती कधी?"

"नाय कशी? हळदीला मागून बोलती ना ती. मी तेवढ्यासाठीच तर लावते."

फोन ठेवला, सॉफ्टवेअरच्या दोन्ही सुधारणा बंद केल्या आणि हेडफोन लावून हळद ऐकायला बसलो. बायकांचा गलका, भांडी, कुणाचं तरी पोर रडतंय. आणि त्या सगळ्याच्या मागून, हळू, आई.

"कानामागं लावा तिच्या. तिथं राहिली."

थोड्या वेळाने पुन्हा तीच, या वेळी माझ्याशी. "कवाचा उभा हायस. हात नको काढू, मी पाजते पाणी."

आणि चित्र हललं. ताई चौकटीतून निसटली, मांडवाचा बांबू दिसला, मग पुन्हा ताई. इतकी वर्षं तो हिसका मी माझ्या कच्च्या हाताची चूक समजत होतो. आईने तांब्या माझ्या तोंडाला लावला होता.

ती चित्रफीत मी तशीच, गलक्यासकट, हिसक्यासकट बर्न केली आणि भाऊबिजेला स्वतः घेऊन गेलो. ताईने डिस्क प्लेअरमध्ये सरकवली आणि टीव्हीकडे पाठ करून पोळपाट पुढे ओढला. मीही तिच्या शेजारी तसाच पाठ करून बसलो. हळद सुरू झाली. मागून आई बोलली, तेव्हा आम्ही दोघांनीही वळून पाहिलं नाही.