मी न पाहिलेली प्रेक्षणीय स्थळे

भुसावळला रेल्वे कॉलनीच्या मागे माझं घर आहे. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे कुणाला मानपत्र, लग्नपत्रिका किंवा श्रद्धांजलीचा मजकूर हवा असला की माणसं माझ्याकडे येतात. तीन वर्षांपूर्वी गावातल्या एका मंडळाचे लोक असेच आले. त्यांना आपल्या भागातल्या प्रेक्षणीय स्थळांची पुस्तिका काढायची होती. लोक इथं गाडी बदलायला उतरतात, वीजकेंद्राची धुराडी आणि केळीचे ट्रक बघतात आणि पुढे जातात, अशी त्यांची खंत होती. मी आठ दिवसांत मजकूर लिहून दिला. किल्ला, धबधबा, तलाव, देवीचं ठाणं, सातपुड्याच्या पायथ्याचा गरम पाण्याचा झरा. यातल्या निम्म्या ठिकाणी मी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. झऱ्यावर गेलो होतो, पण सातवीच्या सहलीत. तरी पेन अडलं नाही. ‘निसर्गरम्य परिसर’, ‘मन प्रसन्न करणारं वातावरण’ हे शब्द हाताशी होतेच.

गेल्या हिवाळ्यात सुरतहून अक्काचा फोन आला. अक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नरडाण्याजवळच्या आमच्या खेड्यात आम्ही एकाच अंगणात वाढलो. दाजींनी सुरतेत उभी हयात लूमवर उभं राहून काढली आणि आता त्यांचे गुडघे कामातून गेले होते. नात्यातल्या एका लग्नात त्यांच्या हाती ती पुस्तिका पडली होती. ‘या पाण्याने सांधेदुखीला आराम पडतो’ हे माझं वाक्य त्यांनी पेनने अधोरेखित करून ठेवलं होतं. साल्यानं लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं ते सगळ्यांना सांगत होते. चार दिवसांनी दोघं पॅसेंजरने आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी केली. माझ्या बायकोने डबा करून दिला, पण ती आली नाही, तिचं डोकं दुखत होतं. आम्ही तिघंच निघालो. केळीच्या बागांमधून रस्ता डोंगराकडे जात होता. दाजी पुस्तिका मांडीवर उघडी ठेवून वाचत होते आणि मधूनच मला एखादा शब्द मोठ्याने ऐकवत होते. मला तेव्हा बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

वास आधी आला. गाडीचं दार उघडलं तसा कुजलेल्या भाताचा आणि लघवीचा भपका आत शिरला. वाहनतळाच्या कडेला आदल्या रविवारच्या पार्ट्यांच्या पत्रावळी पडल्या होत्या, त्यांवर डुकरं तुटून पडली होती. पायऱ्यांवर पावलागणिक गुटख्याच्या पिचकाऱ्या. स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि लोकांनी त्याच्याच भिंतीमागे सोय लावून घेतली होती. समोर मात्र फोटो काढण्यासाठी सिमेंटची भलीमोठी रंगीत अक्षरं उभी होती. त्यांच्यापुढे एक जोडपं नाकाला रुमाल लावून रांगेत थांबलं होतं. फोटोपुरता त्यांनी रुमाल काढला, हसले आणि पुन्हा लावला.

कुंडाशी पोचलो. पाणी गरम होतं, वाफही येत होती, पण वर साबणाची राखाडी साय धरली होती. तीत शांपूच्या पुड्या, केसांचे पुंजके आणि कुणाची तरी सोडून दिलेली चड्डी तरंगत होती. खालच्या अंगाला, कुंडाचं पाणी जिथून वाहून जातं तिथं, दोन माणसं मेलेल्या कोंबड्या त्या गरम पाण्यात बुचकळून पिसं उपटत होती. शेजारी त्यांची चूल पेटली होती. त्यांना विचारलं तर एकाने शांतपणे सांगितलं की इथं पाणी तापवायचा खर्च वाचतो, सगळेच करतात. पिसं नाल्यात अडकून त्यांचा ओला गठ्ठा झाला होता आणि पाणी तुंबून पुन्हा कुंडाकडे सरकत होतं.

परत फिरू या, असं मी म्हणालो. दाजी ऐकेनात. इतक्या लांब आलोय, निदान पाय तरी बुडवतो, म्हणून त्यांनी धोतर वर खोचलं. कठड्याला धरून ते पहिल्या पायरीवर उतरले, दुसरीवर उतरले आणि तिथंच थबकले. त्यांनी पाय वर घेतला तेव्हा टाचेतून रक्ताची धार लागली होती. शेवाळात फुटक्या बाटलीची काच होती. वरून त्या पायाला पिसं आणि साबणाचा फेस चिकटलेला.

अक्काने पदराने त्यांची टाच दाबून धरली. आजूबाजूची माणसं बघून गेली. मी प्यायच्या पाण्याची बाटली जखमेवर ओतत होतो आणि तिथल्या लोकांना शिव्या घालत होतो: कोंबड्यावाल्यांना, पार्टीवाल्यांना, कुलूप लावून बसलेल्यांना. अक्काने मला थांबवलं.

"भाऊ, हाई तूच लिखेल शे ना?"

हो, मीच लिहिलंय, मी म्हणालो.

"मग तू आठे कधी उना व्हता?"

मी म्हणालो, मागच्याच वर्षी इथं आलो होतो. तेव्हा असं नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी चोरून चिंचा खाल्ल्या की ती असंच बघायची.

"खोटं नको बोलू, भाऊ."

मग मला ना कोंबड्यांची किळस राहिली, ना पिचकाऱ्यांची. माझं वाक्य त्या पाण्यावर तरंगतंय असं वाटलं. ज्यांना मी शिव्या दिल्या त्यांनी निदान तिथं जाऊन घाण केली होती. मी घरात, पंख्याखाली बसून केली.

तालुक्याच्या गावी डॉक्टरने पाच टाके घातले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जखम चिघळली. ज्या माणसाला बरं वाटावं म्हणून आणलं, तो तीन आठवडे माझ्या घरात पाय उशीवर ठेवून पडून राहिला. मला एका शब्दाने बोलला नाही. उलट माझ्या बायकोला सांगायचा, भाऊ काय सुंदर लिहितो.

दाजी आणि अक्का सुरतेला परतल्यावर मी मंडळात गेलो. झऱ्याचा मजकूर बदला, खरं काय आहे ते मी लिहून देतो, असं सांगितलं. अध्यक्षांनी चहा मागवला. ते म्हणाले की मजकूर कोण वाचतं, लोक फोटो बघतात, आणि दुसरी आवृत्ती छापूनही झाली. मी दाजी वाचत होते असं सांगितलं. ते हसले. मग मी बाकीची ठिकाणं एकेक करून पाहिली. किल्ल्याच्या टाक्यात कुत्रं मरून फुगलेलं होतं. धबधब्याखाली लहान मुलांच्या वापरलेल्या लंगोटांचा खच होता. तलावाच्या कारंज्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. प्रत्येक ठिकाणी उभं राहून मी माझाच परिच्छेद वाचला आणि घरी येऊन नव्याने लिहिला. तो मजकूर मंडळाने ठेवून घेतला, छापला नाही. तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी एवढंच केलं की माझ्या सांगण्यावरून माझं नाव काढलं आणि तिथं अध्यक्षांचं घातलं.

दाजी आता काठी घेऊन चालतात. मी दर महिन्याला फोन करतो. अक्का बोलते, पोराबाळांचं सांगते, पावसापाण्याचं विचारते. इकडे ये म्हटलं की मात्र ती फोन दाजींकडे देते.