येऊ दे, येऊ दे, बास

आमची ही ट्रक चालवते. लोकांना असं सांगितलं की ते आधी माझ्याकडे बघतात आणि मग हसायचं की नाही ते ठरवतात. मी शिंपी आहे, तोही कपड्यांचा नाही, ताडपत्रीचा. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवतो. माझं दुकान गाद्यांच्या कंपनीच्या फाटकासमोर आहे आणि ही त्याच कंपनीत ड्रायव्हर, त्यामुळे मला दिवसभर दुकानात बसून बायको दिसते. असं सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं. हिला विचाराल तर ती याला सुख म्हणणार नाही, ही गोष्ट वेगळी.

पूर्वी हिच्याकडे छोटा टेम्पो होता. सकाळी गाद्या भरायच्या, दुकानादुकानांत पोचवायच्या, आणि संध्याकाळी टेम्पो आमच्या दुकानामागच्या बोळात आणून लावायचा. बोळाच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. बोळाच्या तोंडाशी आली की ही हॉर्न द्यायची. मी मशीनवरून उठायचो, मागे जाऊन उभा राहायचो आणि सुरू करायचो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... जरा भिंतीकडे... येऊ दे... बास!" बास म्हटलं की टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा. त्या पडल्या की ही इंजिन बंद करायची. इतकी वर्षं हे चाललं की शेजारीण म्हणायची, "तुमच्या थापा ऐकू आल्या की मी कुकर चढवते." थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं हिचंही मत आहे, पण ते दुसऱ्या अर्थानं.

मग कंपनीनं छोट्या गाड्या विकायला काढल्या. गावातला माल ठेकेदार नेणार, आणि कंपनी फक्त लांबचा माल मोठ्या ट्रेलरमधून पाठवणार. मॅनेजरनं हिला बोलावून सांगितलं, "ताई, ट्रेलर जमला तर ट्रेलर. नाहीतर पॅकिंगमध्ये जागा आहे. महिनाअखेरीला माल चढवायच्या धक्क्याला गाडी मागे घेऊन लावून दाखवा, मग ठरवू."

पॅकिंग म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून गाद्यांना प्लास्टिक गुंडाळायचं. हिला त्या कामाचा कमीपणा वाटत नव्हता. पण त्या दिवशी घरी आल्यावर भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "मला खिडकी लागते हो. आणि तीसुद्धा हलती." एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं. मला तिथल्या तिथे भरून आलं. मोठ्या गाडीचं लायसन्स हिनं केव्हाच काढून ठेवलं होतं. नव्हता तो धीर.

धीर नसायला कारणही होतं. टेम्पो म्हणजे एक सरळ डबा. ट्रेलरचं तसं नाही. पुढे इंजिनाचं डोकं, मागे लांबलचक कंटेनर, आणि दोघांच्या मध्ये सांधा. पुढे जाताना तो गुणी मुलासारखा मागे येतो. मागे घ्यायला लागलं की अंगात येतं त्याच्या. शेपूट डावीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि थोडं जास्त फिरलं की डोकं आणि कंटेनर कोपरात दुमडल्यासारखे एकमेकांवर येतात. मागे वळून बघावं तर काच नाही, नुसता पत्रा. जे काय दिसेल ते आरशात.

शिकवायला कंपनीतला सगळ्यात जुना ड्रायव्हर होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. पहिले काही दिवस त्यानं हिला किल्लीच दिली नाही. म्हणाला, "जेवणाचा डबा घेऊन वर जाऊन बसा." मला वाटलं, हा टाळतोय. मी तणतणत जाणारच होतो, हिनं अडवलं. मग रोज दुपारी ही त्या उंच केबिनमध्ये एकटी बसून जेवायची. मी दुकानातून बघायचो. आधी कडेला अंग चोरून बसायची, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखी. हळूहळू मांडी घालून बसायला लागली. एके दिवशी खिडकीतून डोकं बाहेर काढून तिनं चूळ टाकली, तेव्हा उस्ताद म्हणाला, "आता गाडी तुमची झाली. उद्यापासून चालवायची."

पुढे चालवणं लवकर जमलं. वळणावर आधी बाहेर जायचं, मागची चाकं कडेवर चढू द्यायची नाहीत, हे हिला आपसूक आलं. घोडं अडलं ते मागे घेण्यात. घरीसुद्धा तोच ध्यास. माझा दाढीचा आरसा हातात घेऊन ही स्वयंपाकघरात पाठमोरी चालायची, आरशात बघत. एकदा मी चहा घेऊन वळलो आणि कंटेनरचं शेपूट मला येऊन धडकलं. चहा माझ्या पायावर सांडला. "तुम्ही मध्ये उभे होतात," ही म्हणाली. माझ्याच स्वयंपाकघरात मी मध्ये!

कंपनीच्या मागच्या मैदानात सराव चालायचा. उस्तादची एकच पद्धत. "उतरा, मागे जाऊन बघा, मग चढा." पुन्हा थोडं घेतलं की पुन्हा तेच. बाकीच्या ड्रायव्हरांना याचं हसू यायचं. आमच्याकडे उतरून बघणं म्हणजे नाक कापल्यासारखं. खरा ड्रायव्हर वर बसूनच लावतो, आणि खाली उभा असलेला जो तो हात नाचवत ओरडतो, येऊ दे, थांब, काप, म्हणजे स्टिअरिंग फिरव, अजून काप. उस्ताद म्हणायचा, "उतरायची लाज वाटते तोवर ही गाडी झेपत नाही, ताई." हिला लाज वाटायची. ती उतरायची, पण चोरासारखी.

आणि मी? मी घरात बसणाऱ्यातला नव्हे. बायको मागे घेतेय आणि मी मशीनवर? कात्री टाकून मैदानात पळायचो. कंटेनरच्या मागे उभा राहून बेंबीच्या देठापासून, "येऊ दे, येऊ दे!" उस्ताद एकदा म्हणालाही, "भाऊ, तुमचं मशीन वाट बघत असेल." मी दुर्लक्ष केलं. मला कोण शिकवणार? इतकी वर्षं टेम्पो कोणी लावला?

एका दुपारी मी "येऊ दे" म्हणत होतो आणि त्याच वेळी पलीकडून एक हमाल "थांबा, थांबा" ओरडला. हिनं आधी ब्रेक सोडला, मग दाबला, मग घाईनं स्टिअरिंग उलटंच फिरवलं, आणि कंटेनर कोपरात दुमडून केबिनच्या अंगावर आला. पत्रा चेपला नाही, पण थोडक्यात वाचलं. ही खाली उतरली. सगळे जमले. जो तो काय चुकलं ते सांगायला लागला, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं.

त्या संध्याकाळी जेवताना ही म्हणाली, "तुमचा आवाज आला ना, की माझे हात माझे राहत नाहीत. तुम्ही म्हणता तसे फिरतात. टेम्पोला ते चालून गेलं. इथे मला माझं दिसायला हवं."

मला झोंबलं. मी म्हणालो, "बरं. उद्यापासून तोंडाला कुलूप." आणि पान तसंच टाकून उठलो. उठल्यावर भूक लागली, पण आता परत बसायचं कसं? माणूस रागावला की पोट मध्ये येतं.

मग परीक्षेचा दिवस आला. दुपारची वेळ. भरलेला कंटेनर, आणि लावायचा धक्क्याच्या मधल्या जागेत. दोन्ही बाजूंना दोन ट्रक उभे. मॅनेजर हाताची घडी घालून उभा, उस्ताद लांब एका टायरवर बसलेला, हमाल, ड्रायव्हर, सगळे जमलेले. कुलूप वगैरे विसरून मीही फाटकातून आत गेलो आणि धक्क्यापाशी हात वर करून उभा राहिलो. हिनं गाडी सरळ करून मागे घ्यायला सुरुवात केली आणि चारी बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. डावीकडे काप, उजवीकडे काप, येऊ दे. त्यात माझाही आवाज होता.

गाडी थांबली. हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज झाला. ही खाली उतरली आणि मागे न बघता सरळ माझ्याकडे आली. सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही आत जा."

"मी काय केलं?"

"काही नाही केलं. आत जा. मला लावू द्या."

मी गेलो. जाताना कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. दुकानात येऊन फाटकाकडे पाठ केली, ताडपत्री ओढली आणि मशीन चालू केलं. बघायचं नाही म्हणजे नाही. पण कानांना पाठ फिरवता येत नाही. इंजिनाचा आवाज आला. थांबला. दार वाजलं, म्हणजे उतरली. पुन्हा दार, म्हणजे चढली. कोणीतरी ओरडलं आणि हिचा आवाज आला, "सगळ्यांनी गप्प राहा. मी उतरून बघीन." एवढ्या मोठ्यानं हिला बोलताना मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. सगळं आवार चिडीचूप झालं. मग पुन्हा इंजिन, पुन्हा फुस्स, पुन्हा दार. मॅनेजर म्हणाला, "ताई, आज होईल ना?" उत्तर म्हणून पुन्हा दार वाजलं. मी वेड्यासारखा शिवत होतो. देवा, हिला पॅकिंगमध्ये नको पाठवू, एवढंच डोक्यात होतं. माझं नाक कापलं गेलं तरी चालेल.

मग धक्क्याच्या रबराला काहीतरी टेकल्याचा मऊ, जाड आवाज आला. त्यानंतर नुसती इंजिनाची घरघर. मी मागे वळलो नाही.

बऱ्याच वेळानं दारात सावली पडली. मी मान न उचलता विचारलं, "झालं?"

"मॅनेजर म्हणाले, उद्यापासून लांबचा माल माझ्याकडे."

माझा पाय मशीनवर तसाच राहिला. काहीतरी मोठं बोलावं असं वाटलं, पण घशातून निघालं ते एवढंच, "बरं झालं."

ही पुढे आली आणि ताडपत्री उचलून उजेडात धरली. "अहो, हे काय? दोरा कुठे आहे?"

बघतो तर सुईत दोराच नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती सुईची भोकं, टाका एकही नाही. ताडपत्रीला भोकं पाडून ठेवली होती मी, चाळणीसारखी. पाऊस थेट गिऱ्हाइकाच्या मालावर. ही हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग मलाही आवरेना.

"चला," ती म्हणाली. "इंजिन चालूच आहे अजून."

"का? गाडी लागली ना?"

"गाडी लागली. थापा कुठे पडल्यात?"

मी तिच्या मागून फाटकातून आत गेलो. हमाल बाजूला झाले. उस्ताद टायरवरून उठला नाही, पण त्यानं पाय आवरून मला वाट करून दिली. कंटेनर धक्क्याला असा चिकटून लागला होता की मागे हात घालायला जागा नव्हती. मग मी बाजूच्या पत्र्याशी गेलो. ही शिडी चढून केबिनमध्ये बसली आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिली.

मी दोन थापा मारल्या. टेम्पोचा पत्रा वाजायचा तसा हा वाजत नाही. फार जाड आहे, हात झिणझिणतो.

"बास!" मी ओरडलो.

तेव्हा हिनं इंजिन बंद केलं.