डावीकडे मी बसते

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर लोकांना गाडी चालवता येत नाही म्हणून नापास केलं. सिल्वासात हे वाहन खात्यात होते आणि लायसनसाठी येणाऱ्यांची परीक्षा घ्यायचे. आठचा आकडा काढताना पाय टेकला, नापास. वळताना आरशात बघितलं नाही, नापास. सरपंचाचा मेहुणा असो नाहीतर साहेबांचा भाचा, "पुन्हा या," एवढंच म्हणायचे. खडोलीच्या कारखान्यांत आलेली धुळे-नंदुरबारकडची मुलं यांना बाजारात बघितलं तरी हेल्मेट डोक्यावर चढवायची. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आता या माणसाला डावीकडचं दिसत नाही.

काचबिंदू. वापीच्या डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. समोरचं स्वच्छ आहे, कडेचं गेलं आहे, डाव्या बाजूचं तर जवळजवळ सगळंच. गेलेलं परत येणार नाही. "गाडी बंद करा काका," ते म्हणाले. हे हसले. बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी मला वाचून दाखवली, अगदी खालच्या बारीक ओळीसकट. "याला आंधळा म्हणतात का?" मला विचारलं. हे अजून पेपरातलं शब्दकोडं चष्मा न लावता सोडवतात. डाव्या हाताशी ठेवलेला चहा मात्र रोज लवंडतो आणि कप भलत्या जागी ठेवला म्हणून बोलणी मी खाते.

माझी शाळा खानवेलच्याही पुढे, जंगलात. आम्ही राहतो डोकमर्डीला. रिटायर झाल्यापासून हे मला रोज गाडीने सोडतात आणि आणतात. सिल्वासातून बाहेर पडेपर्यंत कारखान्यांच्या बसेस आणि कंटेनर, पुढे सागाची झाडं आणि वळणं. स्पीडब्रेकरवरचा पांढरा पट्टा पावसात धुऊन गेला की पुन्हा कोणी मारत नाही. शनिवारी-रविवारी गुजरातेतली मंडळी दारू प्यायला इकडे येतात, तेव्हा तर देवाचं नाव घेऊनच निघायचं. पण मला भीती त्यांची नाही वाटत. ते समोरून येतात आणि समोरचं यांना दिसतं. भीती वाटते ती रस्त्याच्या डाव्या कडेने चालणाऱ्यांची. पाण्याचे हंडे, लाकडाच्या मोळ्या, शेळ्या, कडेवरची पोरं. इथे माणसं चालतात ती गाडीकडे पाठ करून, आमच्या डाव्या हाताला.

म्हणून मी बोलत राहते. "डावीकडे म्हैस." "डावीकडे सायकल, जरा उजवीकडे घ्या." घरातून निघाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत. वर्गात शिरते तेव्हा घसा बसलेला असतो आणि मुलं कविता म्हणायला लागली की मला रडू येतं. बरोबरच्या शिक्षिका म्हणतात, नवरा असावा तर असा, या वयात बायकोला शाळेत सोडायला येतो. मी हसते. आपलेच दात, आपलेच ओठ.

बसने जायचं ठरवून बघितलं. खानवेलपर्यंत बस मिळते, पुढे जीप मिळाली तर मिळाली. पहिल्याच दिवशी बसमधून उतरले तर हे गाडी घेऊन स्टँडवर उभे. एकटेच आले होते, सबंध रस्ता. "जीपमध्ये कोंबून कशाला जातेस?" म्हणाले. त्या दिवशी मला कळलं की मी नाही बसले तर गाडी थांबत नाही, फक्त डावीकडची बाजू रिकामी होते. पुन्हा बसचं नाव काढलं नाही.

मग स्वतःच शिकायचं ठरवलं. रिटायर व्हायला आलेली बाई ड्रायव्हिंग क्लासला! शिकवणारा गुजराती होता, बिचारा गोड बोलायचा, "बेन, क्लच धीरे, धीरे." पण समोरून डंपर आला की माझे दोन्ही हात सुटायचे. हात सुटायचे म्हणजे खरंच स्टिअरिंग सोडून मी तोंडावर हात घ्यायची. शेवटी तो म्हणाला, "बेन, साहेब छे ने, तमारे शुं जरूर?" साहेब असताना मला शिकायची गरजच काय, म्हणे. घरी येऊन यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. "मी असतो तर तुला पहिल्याच दिवशी नापास केलं असतं." मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. दुसरं काय करणार होते?

मुलगा पुण्याला असतो. फोनवर म्हणतो, "आई, तू समजाव ना बाबांना." जसं काही समजावणं ही फोडणी आहे, आई घालेल आणि होईल. एकदा तो आला आणि समोरासमोर बोलला. हे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "मग काय करू मी दिवसभर? भिंतीवर टांगून घेऊ? हार तूच आणशील ना?" तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेला. मला यांचा राग येतो, फार राग येतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. यांच्याजवळ आता पीळच तेवढा उरलाय.

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर आम्ही निघालो होतो. दोन वळणांनंतर मला पुढे आमच्या शाळेत भात शिजवणारी बाई दिसली. शाळेतलं काम आटपून घरच्या चुलीसाठी लाकडं घेऊन चालली होती, डोक्यावर लांब मोळी, आमच्याकडे पाठ. मी म्हटलं, "डावीकडे मोळी."

"दिसतंय मला," हे खेकसले. "सारखी कटकट नको."

"अहो, उजवीकडे घ्या!"

"दिसतंय म्हटलं ना!"

गाडीचा आवाज ऐकून ती वळली आणि तिच्याबरोबर मोळी वळली. आमचा आरसा लाकडांवर आपटला. ती खाली बसली, लाकडं रस्ताभर झाली. गाडी थांबवून यांनी मला विचारलं, "फांदी लागली का?"

मी उतरून धावले. तिची मान आखडली होती, कोपर सोलवटलं होतं, त्याहून जास्त काही नव्हतं. मी पदराने रक्त पुसायला गेले तर तिनेच माझा हात धरला. "माझीच चूक बाय," ती म्हणाली, "मी वळले ना, मोळी पन वळली." दवाखान्यात चल म्हटलं तर मान हलवून ती उठली आणि लाकडं गोळा करत रस्त्याच्या पलीकडे गेली.

तेवढ्यात हे गाडीला वळसा घालून आले. काय झालं ते यांना आवाजावरून कळलं असावं. आपटलेला आरसा तपासत, मान न वळवता, ती मघाशी डावीकडे जिथे बसली होती त्या बाजूला उद्देशून हे बोलायला लागले. आवाज तोच, परीक्षा घेतानाचा. "हे बघ बाई, पायी चालणाऱ्याने नेहमी उजव्या बाजूने चालावं. म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. पाठ करून चाललं की असं होतं." तिथे कोणी नव्हतं. करवंदीची जाळी होती आणि तिला हे नियम समजावून सांगत होते, न बघताच त्या बाजूला बोट करून.

ती पलीकडे वाकलेली होती, हातात लाकडं. तिने यांच्याकडे बघितलं, मग त्या जाळीकडे, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली. तिने हातातली लाकडं आवाज न करता खाली ठेवली, रस्ता ओलांडून आली आणि यांच्या बोटासमोर, बरोबर त्या जाळीपुढे जाऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला आणि खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. कोपरातून रक्त ओघळत होतं.

"समजलं ना?" यांनी विचारलं.

"हा साहेब."

मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"चल, बस," हे मला म्हणाले. "उगाच उशीर होतोय."

त्या रस्त्याला त्या वेळी दुसरी गाडी मिळत नाही. आणि मिळाली असती, तरी हे एकटे निघाले असते. मी बसले.